नाण्यांच्या चळती आणि ईएसआर

रक्ततपासणीच्या कागदावर ‘ईएसआर ४८’ (ईएसआर म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) असा ठळक आकडा दिसला की घरात कोणीतरी क्षयाची शंका काढते आणि कोणीतरी रक्तशुद्धीच्या काढ्याची बाटली घेऊन येते. वास्तविक रक्ताच्या शुद्ध-अशुद्धतेशी या आकड्याचा काहीही संबंध नाही, आणि काढेविक्रेत्यांना तो असावासा वाटला तरी तो तसा होत नाही.

ईएसआर मोजण्याच्या वेस्टरग्रेन पद्धतीत चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळून, ते गोठू न देता, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या बारीक नळीत भरतात आणि नळी अगदी उभी ठेवतात. तासाभराने तांबडा स्तंभ खाली बसलेला असतो व वर पिवळसर प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) उरतो. त्या पिवळ्या थराची मिलिमीटरमधील उंची म्हणजे ईएसआर.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक आम्लामुळे ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एरवी एकमेकींना दूर लोटत सुट्या सुट्या, संथपणे खाली जातात. शरीरात दाह (इन्फ्लमेशन) सुरू झाला की इंटरल्युकिन-६ सारख्या रेणूंचा संदेश मिळून यकृत फायब्रिनोजेन हे लांबट प्रथिन जास्त तयार करते. हे प्रथिन वाढले की पेशींमधील अपकर्षण पुरे पडत नाही आणि चकत्यांसारख्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकीवर एक रचल्या जातात. स्टोक्सच्या नियमानुसार द्रवात पडणाऱ्या गोलाचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चळत काही गोल नव्हे, तरी मोठा पुंजका लवकर तळ गाठतो हे तिलाही लागू पडते. नळी जरा कलली तर गंमतच होते: पेशी खालच्या भिंतीवरून घसरतात, प्लाझ्मा वरच्या भिंतीलगत मोकळेपणाने वर चढतो, आणि दाह नसतानाही आकडा फुगतो.

रक्तक्षयात पेशींची गर्दी कमी असल्याने आकडा वाढतो. गर्भारपणात फायब्रिनोजेन वाढल्याने तेच घडते. स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी १९१८ मध्ये गर्भवतींच्या रक्तातच हा फरक नोंदवला होता. त्यामुळे एकट्या ईएसआरवरून रोग ठरत नाही. संधिवाताच्या किंवा पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिकाच्या (स्नायू दुखून आखडण्याचा दाहक विकार) रुग्णाला औषध लागू पडते आहे का, हे पाहायला मात्र तो उपयोगी पडतो.

सीआरपी या दाहात वाढणाऱ्या दुसऱ्या रक्तप्रथिनाशी तुलना करता ईएसआर आळशी आहे. सीआरपीचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे १९ तास, तर फायब्रिनोजेनचे सुमारे ४ दिवस. म्हणून न्यूमोनिया उतरून सीआरपी खाली आला, तरी ईएसआर आणखी काही दिवस चढाच राहतो.