ऑफसेट गृहकर्ज आणि मोठ्या ठेवींचे संरक्षण : ब्रिटनमधील पार्श्वभूमी

ऑफसेट गृहकर्जाची कल्पना ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रुजली. ठेवीवर व्याज घेण्याऐवजी तेवढ्या रकमेपुरते कर्जाचे व्याज वाचवायचे, आणि व्याजच हाती न आल्याने त्यावरचा प्राप्तिकरही टाळायचा, हे तिचे खरे आकर्षण होते. ४० टक्के दराने कर भरणाऱ्यांना ते अधिक भावले. घर विकून आलेली रक्कम, वारसाहक्काचे पैसे किंवा स्वतंत्र व्यावसायिकाने वर्षअखेरच्या करासाठी बाजूला काढलेले पैसे, असे सारे कर्ज देणाऱ्या बँकेतच साठू लागले. ती बँकच बुडाली तर काय, हा विचार तेव्हा बहुतेकांच्या मनातही आला नसावा.

ठेव संरक्षणाची वैधानिक योजना १९७९ च्या कायद्यातून आली आणि १९८२ पासून प्रत्यक्षात उतरली. सुरुवातीला पहिल्या १०,००० पौंडांच्या ७५ टक्के एवढेच संरक्षण होते. २००१ च्या नव्या रचनेत पहिले २,००० पौंड पूर्ण आणि पुढच्या ३३,००० पौंडांचे ९० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३१,७०० पौंड मिळत. सप्टेंबर २००७ मध्ये एका गृहकर्ज बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि महिन्याभरातच ३५,००० पौंडांपर्यंतच्या ठेवींना पूर्ण हमी मिळाली. ऑक्टोबर २००८ मध्ये ही मर्यादा ५०,००० झाली आणि ३१ डिसेंबर २०१० पासून ८५,०००.

मर्यादेच्या या आकड्यांचीच चर्चा अधिक होते. परंतु त्याच ३१ डिसेंबरला झालेला दुसरा बदल ऑफसेट कर्जदारांसाठी कितीतरी महत्त्वाचा होता. तोपर्यंत भरपाई निव्वळ रकमेवर ठरत असे, म्हणजे ठेवीदाराचे त्याच बँकेचे देणे आधी ठेवीतून वळते केले जाई आणि उरलेल्या ठेवीचाच विचार होई. नव्या नियमाने ही वजावट भरपाईच्या हिशेबातून काढून टाकली. समजा, कर्ज २ लाख पौंडांचे आणि ठेव दीड लाखाची आहे. जुन्या पद्धतीत हाती एक पैसाही येत नसे, पण कर्ज ५०,००० वर उतरे आणि प्रत्यक्षात काहीच बुडत नसे. नव्या पद्धतीत, तेव्हाच्या मर्यादेनुसार, ८५,००० पौंड रोख मिळतात आणि मर्यादेवरचे ६५,००० दिवाळखोरीच्या सर्वसाधारण कायद्याकडे जातात. तेथे परस्परांचे देणे-घेणे वळते होत असल्याने कर्ज १,३५,००० वर येते. बेरीज-वजाबाकी केली तर ऋण बाजू दोन्हीकडे ५०,००० एवढीच राहते, फरक फक्त हाती रोकड असण्याचा. बदलामागचे कारण योग्यच होते, कारण प्रत्येकाच्या कर्जाचा हिशेब लावत बसल्यास काही दिवसांत पैसे चुकते करणे अशक्य होते, आणि थोडी शिल्लक पण मोठे कर्ज असणाऱ्यांच्या घरखर्चालाही काही उरत नसे. मात्र मर्यादेवरच्या रकमेचे काय होते, हे सामान्य कर्जदाराला समजेल अशा भाषेत फारसे सांगितले गेले नाही. त्यामुळे ती रक्कम बुडालीच असे काही जण धरून चालतात, तर सारे काही सुरक्षित असल्याचा दिलासा काही जण करून घेतात.

दिवाळखोरीतील या वजावटीची मुळे इंग्लंडच्या १७०५ च्या कायद्यापर्यंत जातात. करार करूनही ती टाळता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९७२ मध्ये स्पष्ट केले. अट एकच: ठेवीदार आणि कर्जदार एकच व्यक्ती असली पाहिजे. ती किती कठोर आहे, हे १९९१ मध्ये बुडालेल्या एका आंतरराष्ट्रीय बँकेच्या प्रकरणात दिसले. कंपनीच्या कर्जासाठी आपली ठेव तारण ठेवणाऱ्या व्यक्तींना, ती ठेव कर्जातून वळती करून घेण्याचा हक्क १९९७ मध्ये नाकारण्यात आला. कंपनीने कर्ज फेडायचे आणि ठेवीदाराने दिवाळखोरीत रांग लावायची, असा त्याचा अर्थ. ऑफसेट कर्जे बाजारात येत होती तीही याच सुमारास. मुलाच्या गृहकर्जाला आईवडिलांची बचत जोडणारी कौटुंबिक योजना या कसोटीवर डळमळते, कारण ठेव एकाची आणि कर्ज दुसऱ्याचे असते. बँकेने कर्जावरचा हक्क तिसऱ्या कंपनीकडे हस्तांतरित केला असेल तर, कर्जदाराला त्याची सूचना कधी मिळाली यावरूनही वाद उभा राहतो.

चालू खाते आणि कर्ज एकाच खात्यात असणाऱ्या प्रकारात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे भरलेला पैसा थेट कर्ज कमी करतो, त्यामुळे बुडण्यासारखी ठेवच राहत नाही. धोका असतो तो पुन्हा पैसे काढण्याची सोय बंद होण्याचा.

व्यवहारात बँक बुडताना नेहमी भरपाईच द्यावी लागते असे नाही. सप्टेंबर २००८ मध्ये एका गृहकर्ज संस्थेच्या ठेवी स्पेनमधील बँकसमूहाकडे गेल्या आणि गृहकर्जे सरकारच्या ताब्यात राहिली. अशा फाळणीत ठेव आणि कर्ज यांचा दुवाच तुटतो, आणि ठेव शाबूत असूनही व्याज पूर्ण कर्जावर लागू शकते. मिळालेल्या पैशातून कर्ज फेडावे म्हटले, तर काही करारांत मुदतपूर्व परतफेडीचा दंड आड येतो.

१ डिसेंबर २०२५ पासून मर्यादा प्रतिव्यक्ती, प्रतिबँक १ लाख २० हजार पौंड झाली आहे आणि संयुक्त खात्यावर दोघांना ती स्वतंत्रपणे लागू होते. घरविक्रीसारख्या कारणाने तात्पुरत्या आलेल्या रकमेला सहा महिन्यांपर्यंत १४ लाख पौंडांचे संरक्षण आहे. ती मुदत संपल्यानंतरही पैसे त्याच खात्यात राहिले, तर मर्यादेवरचा भाग पुन्हा दिवाळखोरीतील वजावटीच्या नियमांवर आणि कर्ज नेमके कोणाच्या नावावर आहे यावर अवलंबून राहतो.