कनेक्टर मारणे

लॅन केबलच्या, म्हणजे संगणक व नेटवर्कची उपकरणे जोडणाऱ्या केबलच्या, आठ तारा (दोन-दोन तारांच्या पिळलेल्या चार जोड्या) ठरलेल्या क्रमाने प्लगमध्ये सरकवून प्लगची पाती दाबाने त्या तारांत रुतवण्याची क्रिया. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी बोलणारे वायरमन व नेटवर्कवाले तिला ‘कनेक्टर मारणे’ किंवा ‘क्रिम्पिंग’ म्हणतात. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये तारा बसवण्याला ‘पंचिंग’ म्हणतात.

प्लगचे ‘आरजे४५’ हे रूढ नाव मुळात दुसऱ्याच जोडणीचे आहे. टेलिफोन कंपनीने न पुरवलेली उपकरणेही फोनच्या जाळ्याला जोडता यावीत म्हणून अमेरिकेत, साधारण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘नोंदणीकृत जॅक’ ठरवले गेले. ‘आरजे’ ही त्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे. त्यांतील आरजे४५एस हा मोडेमसाठी होता. त्यात फोनच्या तारांची एकच जोडी मधल्या ४-५ या संपर्कांवर येई, ७-८ मध्ये रोध बसवलेला असे आणि प्लगच्या कडेला एक जादा उंचवटा असे. हा उंचवटा असल्याने तो प्लग साध्या जॅकमध्ये शिरत नसे. लॅनच्या प्लगला उंचवटाही नाही आणि रोधही नाही. त्याचे नेमके वर्णन ‘आठ जागा, आठ संपर्क’ (८पी८सी) असे आहे. लॅनचा प्लग आरजे४५एसपासूनच विकसित झाला असे काही ठिकाणी सांगितले जाते, पण दोन्हींची अंतर्गत मांडणी पाहता केवळ दिसण्यातील साम्यामुळे नाव चिकटले असावे, हे अधिक पटते. दुकानात मात्र ‘आरजे४५’ म्हटल्याशिवाय ही वस्तू मिळत नाही.

रंगक्रमाचा इतिहासही असाच गुंतागुंतीचा आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५६८ क्रमांकाच्या मानकातून ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन क्रम पुढे आले. ‘ए’ क्रम फोनच्या जुन्या दोन-जोडी मांडणीशी जुळतो, तर ‘बी’ क्रम एटी अँड टी कंपनीच्या आधीपासून प्रचारात असलेल्या २५८ए मांडणीशी. दोन्हींत फरक फक्त नारिंगी व हिरव्या जोडीच्या अदलाबदलीचा आहे आणि विद्युतदृष्ट्या दोन्ही सारखेच चालतात. भारतात बहुतेक ठिकाणी ‘बी’ रूढ आहे. एका कामावर मराठी व कानडी बोलणारी माणसे असली तरी क्रम इंग्रजी नावांनीच म्हटला जातो : व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राऊन, ब्राऊन. यात हिरवी जोडी ३ आणि ६ वर फाकलेली असते, कारण ४-५ ही जागा फोनच्या जोडीसाठी राखली गेली. हे कारण न कळल्याने नवशिके चारही जोड्या शेजारी-शेजारी लावतात. मग टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, पण ३ व ६ वरून जाणारा संदेश दोन वेगळ्या जोड्यांच्या तारांवर विभागला जातो. जोडीच्या पिळामुळे संदेशांच्या सरमिसळीपासून मिळणारे संरक्षण राहत नाही आणि लांब केबलवर वेग कोसळतो.

कनेक्टरची निवड तारेवरून करावी. भिंतीतून, छतातून जाणाऱ्या केबलची तार सॉलिड, म्हणजे एकसंध असते, तर पॅच कॉर्डची (उपकरण सॉकेटला जोडणाऱ्या छोट्या, लवचीक केबलची) बारीक तंतूंची. तंतूंच्या तारेसाठीचे पाते मधोमध घुसते. सॉलिड तारेसाठीच्या पात्याला तीन टोके असतात आणि ती तारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. चुकीचे पाते सॉलिड तारेवरून घसरते. जोड आज चालतो आणि काही महिन्यांनी मधूनमधून तुटू लागतो. कॅट५ई आणि कॅट६ या लॅन केबलच्या श्रेणी आहेत. त्यांतील कॅट६ ची तार आवरणासह सुमारे १ मिलिमीटर किंवा थोडी अधिक जाड असल्याने ती कॅट५ई च्या कनेक्टरमध्ये जबरदस्तीने घालू नये. चांगल्या कनेक्टरवर सोन्याचा मुलामा ५० मायक्रोइंच, म्हणजे सुमारे १.२७ मायक्रोमीटर असतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात, ही जाडी फार महत्त्वाची ठरते. पातळ मुलाम्याखालचा धातू दमट हवेत लवकर काळवंडतो.

कनेक्टर दाबण्याचे टूल घेताना पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारे, रॅचेटचे घ्यावे. बाहेरचे आवरण काढताना आतल्या तारेला चीर पडता कामा नये, आणि जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. दाबण्याआधी प्लग उजेडाकडे धरला की समोरच्या पारदर्शक भिंतीमागे तांब्याचे आठ ठिपके एका ओळीत चमकले पाहिजेत. एखादा मागे राहिला असेल तर तारा बाहेर काढून पुन्हा सारख्या कापाव्यात. बाहेरचे आवरणही प्लगच्या पाचरीखाली आलेले असावे. नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. पास-थ्रू कनेक्टरमध्ये तारा समोरून बाहेर येतात व टूलची सुरी त्या कापते. क्रम तपासायला ही सोय उत्तम. पण सुरी बोथट झाली की तांब्याची टोके बाहेर राहून एकमेकांना टेकतात. पंचिंगसाठी ११० आणि क्रोन या दोन प्रकारच्या सॉकेटची टूलची पाती वेगळी असतात. एकाचे पाते दुसऱ्यात मारल्यास सॉकेटचे संपर्क फाकतात.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील फाउंड्री व मशीन शॉपमध्ये मोटारींचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हमुळे विद्युत गोंगाट असतो. तिथे शील्डेड (आत धातूचे वेष्टण असलेली) केबल घातली तर कनेक्टरही धातूच्या कवचाचाच हवा आणि अर्थिंगही हवे. प्लास्टिकचा प्लग लावल्यास शील्ड टोकाशी तुटते.

पीओई कॅमेऱ्यांसाठी (ज्यांना लॅन केबलमधूनच वीज मिळते) सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल टाळावी. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे लांब अंतरावर कॅमेऱ्याला पुरेसा विद्युतदाब पोचत नाही. तार सुरीने खरवडून पाहावी : आत पांढरट चमक दिसली तर ती सीसीए.