'ओरिजिनल' म्हणून बनावट सॉफ्टवेअर गळ्यात मारलं? इंदूरच्या ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची आणि ती कुठे अडते

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत घरी बसून कॉम्प्युटरवर पोट भरणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. कुणी लग्नाच्या आमंत्रणपत्रिका तयार करतं, कुणी आसपासच्या दुकानांचे हिशेब लिहितं, कुणी फोटोंचे अल्बम करतं. 'ओरिजिनल आहे, काळजीच करू नका' असं सांगून विकलेलं सॉफ्टवेअर काही महिन्यांनी बंद पडतं, पडद्यावर परवाना वैध नसल्याची पट्टी येते आणि दुकानदार फोन उचलेनासा होतो. यांतले थोडेच तक्रार करतात, आणि जे करतात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं प्रकरण कागदांपायी अडतं. कायदा त्यांच्या बाजूचा आहे, म्हणूनच ते परत फिरलेले पाहवत नाहीत.

तक्रार केली तर आपणच अडकू का?

सगळ्यात आधी हीच भीती असते, आणि दुकानदार ती मुद्दाम घालतात: 'तुमच्या मशीनवर पायरेटेड माल निघाला तर केस तुमच्यावर होईल.' खरं काय ते नीट वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. बेकायदा प्रत वापरण्याबद्दलचं कलम ६३ ब सांगतं की जो *जाणूनबुजून* अशी प्रत कॉम्प्युटरवर वापरतो त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. सगळं 'जाणूनबुजून' या शब्दावर टेकलेलं आहे. ओरिजिनल समजून, ओरिजिनलची किंमत मोजून घेतलेला माणूस या कलमात बसत नाही.

मात्र प्रत बनावट आहे हे कळल्यावरही ती वापरत राहिलात, तर 'मला माहीत नव्हतं' हे म्हणणं त्या दिवसापासून लंगडं पडतं. कळलं त्या दिवशी वापर थांबवा. आणि ज्यांनी स्वस्तात पडतं म्हणून डोळ्यांदेखत क्रॅक (परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवणारी क्लृप्ती) टाकून घेतला, त्यांनी आयोगाची पायरी चढू नये. तिथे त्यांना काही मिळणार नाही आणि वर स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिल्यासारखं होईल.

एक उपप्रश्न नेहमी येतो: विकत घेतलेल्या खऱ्या सॉफ्टवेअरची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली तर? मूळ प्रत हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली प्रत कलम ५२ ला मान्य आहे.

तक्रारीत काय लिहायचं

'मला पायरेटेड सॉफ्टवेअर मिळालं, कारवाई करा' एवढंच लिहिलेला अर्ज दुबळा असतो. चोरी पकडणं हे ग्राहक आयोगाचं काम नाही. तुम्हाला काय सांगून काय दिलं, हे आयोग पाहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे खरा असल्याचा खोटा दावा करून विकलेला माल 'बनावट माल' ठरतो, आणि तसं विकणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. अर्जात हे दोन्ही शब्द यायला हवेत. दुकानदार काय म्हणाला, किती पैसे घेतले, काय दिलं, ते कधी बंद पडलं, या क्रमाने तारखा घालून लिहा. मागणीत किंमत व्याजासह परत, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च हे तीन वेगवेगळे मागा.

बिल: जे कुणाकडेच नसतं

निम्मी प्रकरणं इथेच मरतात. दुकानदार ओळखीचा, कधी नात्यातला, 'काका, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं' म्हणणारा. पक्कं बिल मागायला जीव संकोचतो आणि हातात येते कच्ची चिठ्ठी. तिच्यावर फक्त 'लॅपटॉप' आणि रक्कम. सॉफ्टवेअरचा उल्लेखही नसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते या चिठ्ठीकडे पाहिल्यावर पटतं.

तरीही हातपाय गाळू नका. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा तक्रारीत तो स्वतंत्र मुद्दा करा. पैसे दिल्याचा पुरावा यूपीआयच्या नोंदीतून किंवा बँकेच्या उताऱ्यातून निघतो. आणि सगळ्यात मोलाचा कागद बहुतेक वेळा फोनमध्येच असतो: व्हॉट्सॲपवर 'ओरिजिनल आहे ना?' या प्रश्नाला आलेलं 'हो, लाइफटाइम आहे' हे उत्तर. त्याचा स्क्रीनशॉट काढताना वर दुकानदाराचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. नुसता मजकूर कापून छापलेला कागद कुणाचाही असू शकतो. फोन बदलायचा असेल तर जुना फोन विकू नका.

अशा छापील पुराव्यावर समोरचा वकील हमखास बोट ठेवतो. म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा. जुन्या कायद्यातलं ६५ ब आता चालत नाही, तरी नोटरीकडे अजून तोच नमुना मिळतो. नवा मागून घ्या. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

इंदूरकरांची आणखी एक अडचण. गप्पा मराठीत झालेल्या असतात आणि आयोगाचं काम हिंदी-इंग्रजीत चालतं. मराठी संदेशांखाली हिंदी भाषांतर टंकून, 'भाषांतर बरोबर आहे' असं लिहून सही करून जोडा. मराठी कागद तसेच दिले की ते बाजूला पडण्याची भीती असते.

मशीन फॉरमॅट करू देऊ नका

तक्रारीची कुणकुण लागली की दुकानदार अचानक गोड होतो. 'आणा, फुकटात फॉरमॅट करून नवीन टाकून देतो.' मशीन त्याच्या हाती दिली की पुरावा पुसला. त्याऐवजी आधी पडद्यावरचा इशारा तारखेसह टिपा. विंडोजबद्दल शंका असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'डीएलआय' ही अक्षरं इंग्रजीत (slmgr /dli) टंकून एंटर दाबा. छोटी चौकट उघडते; तीत परवाना कोणत्या जातीचा ते येतं. तिथे 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसलं, तर तो परवाना मोठ्या संस्थांसाठी असतो. घरच्या एकट्या कॉम्प्युटरवर, दुकानातून सुटी विकत घेतलेली प्रत म्हणून तो असण्याचं कारण नाही. असं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मुदतीत संस्थेच्या सर्व्हरकडून नवं करून घ्यावं लागतं. 'सहा महिने छान चाललं, मग बंद पडलं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. चौकटीचा फोटो काढून ठेवा.

त्यानंतर जुनी डिस्क काढून पाकिटात बंद करा, वर तारीख घाला आणि कामासाठी दुसरी डिस्क बसवून खरा परवाना घ्या. वापर थांबतो, पुरावा राहतो आणि काम अडत नाही. नव्या परवान्याचं बिल नुकसानभरपाईच्या मागणीला जोडता येतं. मालाची तपासणी लागली तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते, हे मनाशी धरून चला.

'तुम्ही ग्राहकच नाही'

दुकानदाराच्या वकिलाचा हा आवडता मुद्दा. कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल असेल तर माणूस ग्राहक राहत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की स्वतः राबून, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेला माल व्यापारी धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हाच फरक समजावून सांगितला. अडचण अशी की हे वाक्य तक्रारीत तुम्हाला *स्वतः लिहावं लागतं*. आमंत्रणपत्रिका तयार करणारा बिचारा अभिमानाने 'माझा ग्राफिक्सचा व्यवसाय आहे' असं लिहितो आणि तिथेच फसतो. लिहा: 'मी हे काम स्वतः करतो, यावरच माझं व कुटुंबाचं पोट चालतं.' बिल मात्र फर्मच्या नावे असेल, हाताखाली माणसं असतील, तर हा आधार टिकवणं जड जातं. अशांनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

दोन वर्षं कुठून मोजायची

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. लोक ती शेवटच्या फोनपासून, नोटीस पाठवल्यापासून किंवा हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यापासून मोजतात. हे चूक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जरूर बोला, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइन म्हणजे आयोग नव्हे, आणि तिथल्या पत्रव्यवहाराने घड्याळ थांबत नाही. बनावटपणा नंतर कळला असं म्हणता येतं, पण त्यावर वाद होतो. म्हणून बिलाच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत दाखल करा. उशीर झालाच तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र तक्रारीसोबतच द्या, मागाहून नको.

ऑनलाइन बाजारातून घेतलं असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला आधी लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. ते झालं नाही, तर तोही पुरावाच. पैसे घेऊन सॉफ्टवेअर चालू करायची 'की' (परवान्याचा क्रमांक) पाठवलीच नाही आणि संकेतस्थळच गायब झालं, असं असेल तर तो सरळ सायबर फसवणुकीचा मामला आहे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तासा-दोन तासांचा उशीरही महाग पडतो.

समोरचा पक्ष कोण

पाटीवरचं नाव हे मालकाचं नाव नसतं. दुकानाच्या टोपणनावावर काढलेली नोटीस परत येते आणि तारखांवर तारखा जातात. बिलावर किंवा पाटीवर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधा. कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि मुख्य पत्ता तिन्ही मिळतात. ते जसेच्या तसे लिहा.

बाकीची प्रक्रिया

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे माल दिल्लीच्या विक्रेत्याकडून आला असला तरी इंदूरलाच दाखल होते. पाटी हिंदीत 'जिला उपभोक्ता विवाद प्रतितोषण आयोग' अशी शोधा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. इथे मोजलेली किंमत धरतात. भरपाई किती मागता याचा फीशी संबंध नाही. वकील बंधनकारक नाही. दाखल ई-जागृती पोर्टलवर करतात. सूची, तारखांचा तक्ता, पक्षकारांचे पत्ते, तक्रार, नोटरी केलेलं शपथपत्र, पुरावे आणि ओळखपत्र, सगळ्यावर पानांचे क्रमांक. ऑनलाइन भरलं तरी कागदी संच तयार ठेवा, मागितले की धावपळ होत नाही.

स्वीकारायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यापुढे मुदत नाही हे पक्कं केलं. वकील तिसऱ्यांदा वेळ मागू लागला तर उभं राहून हे सांगा, नम्रपणे पण सांगाच. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला हे किती जाचतं याचा विचार व्यवस्थेने करायला हवा. तरी एकही तारीख चुकवू नका. गैरहजेरीत तक्रार निघून जाते.

निकालाची प्रत पक्षकाराला मोफत मिळते, ती ताबडतोब घ्या. अपील भोपाळच्या राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत. दुकानदाराला अपील करायचं तर हुकमाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगात करता येतो. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५ हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही आहेत.