१९२३चा ठराव: एक शब्द, तीन अर्थ

महाडच्या चवदार तळ्यावर लिहिताना ‘१९२३ साली मुंबई सरकारने पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा कायदा केला’ असे वाक्य हमखास येते. तसा कायदा झालेला नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात मंजूर झाला तो ठराव, सभासद सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि आजही बोले ठराव म्हणून ओळखला जाणारा. विधेयक आणि ठराव यांत काय फरक असतो हे त्या सभागृहात बसणाऱ्या प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. बाहेर मात्र तो फरक लवकरच पुसला गेला, आणि त्यात ‘ठराव’ या शब्दाचा मोठा हात आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. १८६२ पासून मुंबईत कौन्सिल भरू लागली तेव्हा सभासद सगळे नेमलेले, आणि त्यांनी बोलायचे ते फक्त समोर आलेल्या विधेयकावर. १८९२ नंतर त्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर भाषणही करता येऊ लागले. मत तेवढे देता येत नव्हते. सार्वजनिक प्रश्नावर ठराव मांडून मतदान मागण्याचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी आला, पण एका अटीवर. ठरावाची भाषा ठरलेली: ‘ही कौन्सिल सरकारला शिफारस करते की…’ शिफारस मानायची की नाही, ते सरकारने बघायचे.

१९२१ पासून सभागृहाचा चेहरा बदलला. ८६ सभासद निवडून आलेले, काही खाती मंत्र्यांकडे सोपवलेली, बाकीची गव्हर्नरच्या हाताखाली राखीव. कामाचा क्रम मात्र ठरून गेलेला होता. आधी प्रश्नोत्तरे, मग सरकारी विधेयके: पहिले वाचन, सिलेक्ट कमिटी, दुसऱ्या वाचनात कलमागून कलम, शेवटी तिसरे वाचन. अर्थसंकल्पाच्या दिवसांत खर्चाच्या मागण्या आणि त्यांवर कपातीच्या सूचना यायच्या. राखीव खात्याची मागणी कापली तरी गव्हर्नर ती आपल्या अधिकारात पुन्हा भरून घेऊ शकत. बिनसरकारी सभासदांच्या वाट्याला मोजके दिवस येत. कामकाज इंग्रजीत चाले. ज्यांना इंग्रजी नीट येत नसे त्यांना देशी भाषेत बोलायची मुभा होती. ठराव मांडायचा, मंत्र्याने सहानुभूतीचे चार शब्द बोलायचे आणि सभासदाने तो मागे घ्यायचा, हा नेहमीचा परिपाठ.

बोले ठराव मागे घेतला गेला नाही, मंजूर झाला. त्याने मागितले ते असे: सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही.

पुढच्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला, सरकारचा हुकूम निघाला. तो सावकाश वाचण्यासारखा आहे. सरकारच्या मालकीच्या जागांपुरता ठराव अमलात आणावा, असे खातेप्रमुखांना स्पष्ट सांगितले आहे. नगरपालिका आणि लोकलबोर्डांचा (ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्थांचा) विषय आला की मात्र भाषा विरघळते. कलेक्टरांनी या संस्थांना सल्ला द्यावा, की कौन्सिलची शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. सल्ला, शिफारस, इष्टता, विचार! एका वाक्यात इतक्या उशा क्वचितच सापडतात. आणि गावातला पाणवठा बहुतेक याच संस्थांच्या हातात होता.

गोंधळ इथूनच सुरू होतो. कौन्सिलने केला तोही ठराव. त्या काळी सरकारचे हुकूमही ‘रिझोल्यूशन’ म्हणूनच निघत (आजचा जीआर त्याच घराण्यातला), म्हणजे मराठीत तोही ठराव. आणि जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले, तोही ठरावच. पहिला नुसती शिफारस. दुसरा सरकारी नोकरांना बांधणारा. तिसरा पालिकेच्या स्वतःच्या अधिकारातला, म्हणून तिला हवा तेव्हा रद्द करता येणारा. तिन्हींना एकच शब्द वापरला की ‘सरकारने तळे खुले केले होते’ हे वाक्य आपोआप तयार होते.

अनेकदा सुटून जाणारी आणखी एक गोष्ट अशी की त्याच १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा आणि लोकलबोर्डांचा असे दोन कायदे झाले. पहिल्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. म्हणजे एका हाताने शाळा द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्या सर्वांना उघडा म्हणून विनवायचे. स्थानिक स्वराज्याला धक्का लावायचा नाही, हे तेव्हाचे समर्थन अगदीच पोकळ नव्हते. पण पाण्याच्या बाबतीत ते फार सोयीचे होते.

ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनीच दुसरा ठराव आणला: अंमल न करणाऱ्या नगरपालिका आणि बोर्डांना अनुदान देऊ नये. तोही मंजूर झाला, आणि तीही पुन्हा शिफारसच.

मार्च १९२७ मध्ये महाडला काय झाले ते इथे सांगायला नको. त्यानंतर पालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, कौन्सिलच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. योगायोगच असावा. डिसेंबरात तळे खासगी असल्याचा सवर्णांचा दावा कोर्टात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. पण वादींना, म्हणजे सवर्णांना, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची सांगितलेली प्राचीन वहिवाट सिद्ध करता आली नाही, या मुद्द्यावर.

ठरावाची ही गत पाहिल्यावर विधेयकाचा मार्ग कोणालाही सुचला असता. कौन्सिलवर नेमल्या गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये महार वतनाचे (गावकामाच्या मोबदल्यात महारांना मिळणाऱ्या जमिनीच्या हक्काचे) विधेयक मांडले, म्हणजे १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती. जुलै १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. शिफारस मंजूर करायला सभागृहाला फारसे काही मोजावे लागत नव्हते. वतनाच्या विधेयकात जमीन, सारा आणि फुकट राबवून घेतलेले श्रम यांचा हिशेब होता.

पाणवठ्यांबाबत शिक्षेच्या कलमासह कायदा मुंबई प्रांतात आला तो १९४६ च्या विधेयकातून, १९४७ साली. आणि राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि घाट सर्वांना खुले करताना जी कसोटी लावली आहे, ती पुन्हा सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या जागांचीच आहे.