रेशमातली वीज: घासून आलेली आणि दाबून आलेली

डिसेंबरात लग्नाहून परतल्यावर रेशमी साडी सोडताना चट्-चट् आवाज येतो, हातावरची लव उभी राहते. दिवा बंद असेल तर बारीक ठिणगीही दिसते. मग कुठेतरी वाचायला मिळतं, 'रेशीम दाबलं की वीज तयार होते', आणि आपण म्हणतो, हो की, आमच्या साडीत होतेच! पण साडीतली वीज वेगळी आणि ती वेगळी.

साडीतली ती स्थितिक विद्युत. दोन पदार्थ एकमेकांना चिकटून सुटले की इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शाळेत काचेची कांडी रेशमावर घासली तेव्हा काच धन झाली, रेशीम ऋण. तेच रेशीम टेफ्लॉनवर घासा, धन होतं. सगळा खेळ जोडीदारावर.

आलेला प्रभार रेशमावर टिकतो, कारण ते विद्युतरोधक आहे. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे सुतळीतून लांबवर वीज नेत होता. सुतळी टांगली होती रेशमी दोऱ्यांवर. दोरा बारीक, म्हणून त्यातून वीज गळत नाही, असा त्याचा समज. वजनाने दोरा तुटला, त्याजागी पितळी तार लावली आणि वीज गळून गेली. तारही बारीकच होती! म्हणजे फरक जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता. पावसाळ्यात मात्र हे रोधकपण ढिलं पडतं. बेताच्या दमट हवेतही रेशीम कोरड्या वजनाच्या साधारण ११ टक्के पाणी धरून असतं, आणि त्या पाण्यातून प्रभार गळून जातो, त्यामुळे जुलैत साडी चटचटत नाही.

दुसरी ती दाबविद्युत, म्हणजे पदार्थ दाबला किंवा तिरका सरकवला की त्याच्यातच येणारी वीज. क्युरी बंधूंना ती १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत सापडली, जपानच्या एईची फुकादांनी १९५६ मध्ये रेशमात दाखवली. इथे जोडीदार लागतच नाही. रेशीम ज्याचं बनतं त्या फायब्रोइन प्रथिनाच्या साखळ्या धाग्यात एका दिशेने रचलेल्या असतात. ती रचना तिरकी सरकली की प्रभार सरकतो. पत्त्यांचा कॅट बोटाने तिरपा करावा तसं. धागा नुसता सरळ ओढून फारसं हाती लागत नाही. मिळतो तो प्रभारही किती? रेशमाच्या चांगल्या ताणलेल्या पापुद्र्यात एका न्यूटन बळाला एक-दीड पिकोकुलोम. कुलोम हे प्रभार मोजायचं एकक. पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग.

घोळ इथेच होतो. वीज मोजायला रेशीम धातूच्या दोन पत्र्यांमध्ये दाबलं की ते थोडं घासतंही, आणि घासण्याचा प्रभार दाबाच्या प्रभाराला सहज गिळतो. म्हणून 'रेशमातून वीज' अशी बातमी दिसली की मी आधी बघतो: पत्रे रेशमाला घट्ट चिकटवले होते, की मध्ये फट होती? फट असेल तर मला ती साडीचीच वीज वाटते.