टे खोऱ्यातले बीव्हर : प्राणी पुढे, धोरण मागे

स्कॉटलंडमधले बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारे आणि काठात बिळं करणारे पाणथळीतले मोठे कृंतक प्राणी, साधारण सोळाव्या शतकात संपले. कातडं, मांस आणि औषधात वापरला जाणारा ग्रंथींचा स्राव यांसाठी त्यांची शिकार झाली. ते परत आल्यावर शेती की संरक्षण असा जो वाद पेटला, त्यासाठी एवढा जुना इतिहास पुरे. मधल्या चार शतकांत बदलली ती जमीन. पूर्वेकडच्या सखल भागात, विशेषतः स्ट्रॅथमोरच्या पट्ट्यात, ओढे सरळ केले गेले, चर खणले गेले, शेताखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या गेल्या आणि नदीकाठी मातीचे पूरबांध उभे राहिले. बटाटा, धान्य, रास्पबेरी असं सगळं या निचऱ्याच्या भरवशावर पिकतं.

अधिकृत पुनरागमन मात्र पश्चिमेला झालं, अर्गाइलमधल्या नॅपडेलच्या जंगलात. पहिला अर्ज २००५ मध्ये फेटाळला गेला, नंतरचा २००८ मध्ये मंजूर झाला आणि मे २००९ मध्ये नॉर्वेहून आणलेली कुटुंबं पाण्यात सोडली. पाच वर्षं निरीक्षण, मोजमाप, अहवाल. सगळं रीतसर.

पूर्वेकडे, टे नदीच्या खोऱ्यात, तोवर कुणालाही न विचारता बीव्हर नांदू लागले होते. काही खाजगी आवारांतून निसटलेले, काही गुपचूप सोडलेले असावेत. २०१० च्या अखेरीस सरकारने ते पकडायला सुरुवात केली. पहिली सापडलेली मादी प्राणिसंग्रहालयात काही महिन्यांतच मेली, आरडाओरड झाली आणि मार्च २०१२ मध्ये ‘राहू द्या, २०१५ नंतर बघू’ असं ठरलं. या ‘बघू’ची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. संरक्षण नसल्याने गोळी घालायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि किती मेले याची नोंदही होत नव्हती. दुसरीकडे शेतकऱ्याच्या नुकसानीला वाली नव्हता. सपाट रानातल्या चरात बीव्हरने गुडघाभर उंचीचा बांध घातला तरी नळ्यांची तोंडं बुडतात, वरचं रान चिबडतं आणि पेरणीच्या वेळी वाफसाच येत नाही. पूरबांधात बीळ केलं, तर पुढच्या पुरात तो तिथेच फुटतो.

१ मे २०१९ रोजी बीव्हरला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि खरा गुंता सुरू झाला. उत्तम प्रतीच्या शेतजमिनीवर नुकसान होत असेल, तर ठार मारण्याचा परवाना मिळू लागला. पिल्लं आईवर अवलंबून असतात त्या एप्रिल ते मध्य ऑगस्टच्या काळात सहसा मनाई, आणि नेम धरणारा प्रशिक्षित हवा, एवढ्या अटी. त्या वर्षाअखेरपर्यंत ८७ बीव्हर मारले गेले, २०२० मध्ये ११५. आदल्या पाहणीतला एकूण अंदाजच सुमारे साडेचारशेचा होता.

यातली खरी मेख वेगळी होती. नडणारा बीव्हर मारायला परवाना मिळे, पण त्याला पकडून स्कॉटलंडमधल्याच दुसऱ्या, बीव्हर नसलेल्या खोऱ्यात सोडायला सरकारची ना. जिवंत पकडलेले कित्येक इंग्लंडमधल्या प्रकल्पांत रवाना झाले. ज्या देशाने नुकतंच या प्राण्याला संरक्षण दिलं, त्याने तो बाहेर धाडावा किंवा गोळीने संपवावा, हे धोरण कुठल्याच बाजूने धड समर्थनीय नव्हतं. शेतकऱ्यालाही बंदुकीपेक्षा कोरडं रान हवं होतं.

एक वनसंवर्धन संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२१ च्या निकालात तिचे बहुतेक मुद्दे फेटाळले गेले. टिकला तो एकच : परवाना देताना लेखी कारणं दिली नव्हती, म्हणून ते परवाने बेकायदा. साहजिकच दोन्ही पक्षांनी आपणच जिंकल्याचं सांगितलं. निकालाने मारणं थांबलं नाही, पण पुढच्याच महिन्यात सरकारने स्थलांतराला पाठिंबा जाहीर केला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते असं झटक्यात शक्य झालं.

त्याआधीच्या हिवाळ्यातल्या पाहणीत टे आणि फोर्थ या नद्यांच्या खोऱ्यांत साधारण साडेनऊशे बीव्हर असल्याचा अंदाज निघाला होता. म्हणजे गोळ्या चालू असतानाही संख्या दुपटीवर गेली होती. २०२२ मध्ये २०४५ पर्यंतचं धोरण आलं. जानेवारी २०२३ मध्ये लॉक लोमंड सरोवराच्या परिसरात आणि त्याच डिसेंबरमध्ये केर्नगॉर्म्सच्या राष्ट्रीय उद्यानात बीव्हर सोडले गेले. तिथे स्पे नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पूरबांध आणि निचऱ्याच्याच शंका काढल्या. टे खोऱ्यात मारण्याचे परवाने पुढेही दिले गेले, फक्त आता सोबत लेखी कारण जोडून.