'मोबी डिक': रूपककथा कुठे आणि प्रतीक कुठे

'मोबी डिक'वर चार वाचक बोलायला बसले की थोड्याच वेळात कुणीतरी निकाल देऊन टाकतं: कादंबरीतला पांढरा देवमासा, म्हणजे मोबी डिक, हा देव. दुसऱ्याच्या मते सैतान. तिसरा म्हणतो निसर्ग. वाद रंगतो, पण तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: देवमाशाच्या जागी एक शब्द बसवला की झालं. ही रूपककथा वाचायची रीत आहे. हर्मन मेल्व्हिलच्या या 1851च्या कादंबरीला ती लावली की तिच्यातला धर्मविचारच हातचा जातो. हा घोळ पुन्हा पुन्हा बघून मला खरंच वाईट वाटतं.

रूपककथा आपल्याला नवी नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुणाचा अंगारा. किल्ली तिथेच दिलेली. जॉन बन्यनच्या 1678च्या 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' या ग्रंथात तर पात्रांच्या नावांतच अर्थ सांगून टाकलाय. हरि केशवजींनी तो 1841 साली 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणला. खांडेकरांच्या रूपककथाही ओळखीच्या आहेतच. तेव्हा यावर जास्त बोलत नाही.

लांबी, पात्रांची संख्या, शेवटी बोध आहे की नाही, हे फरक किरकोळ. खरा फरक एकच. रूपककथेत अर्थ हाती लागला की वस्तू बाजूला ठेवता येते. भारुडातल्या विंचवाला पाय किती, हे कुणी विचारत नाही. प्रतीकात वस्तू सोडली की अर्थही जातो. म्हणून तर मेल्व्हिल देवमाशाची कातडी, डोकं, चरबी कढवायच्या भट्ट्या यांवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितो. 'ती प्रकरणं गाळून वाचा' असा सल्ला कुणी दिला की मला मनस्वी राग येतो.

86वं प्रकरण घ्या. विषय फक्त शेपूट. तिची रचना, तिची ताकद, तिच्या पाच हालचाली. एवढं सगळं सांगून झाल्यावर निवेदक इश्माएल हात टेकतो: मला याची शेपूटच कळत नाही, मग डोकं कसं कळणार? आणि चेहरा? त्याला तर चेहराच नाही. देवमासा जणू सांगतोय की पाठ दिसेल, मुख दिसणार नाही. बायबलमध्ये निर्गमच्या 33व्या अध्यायात परमेश्वर मोशेला नेमकं हेच सांगतो. कादंबरीतलं माझ्या मते सर्वांत खोल धार्मिक वाक्य हे असं शेपटीच्या वर्णनातून वर येतं. त्यावरून 'देवमासा बरोबर देव' असं समीकरण मांडायला गेलात तर इश्माएलचं न कळणंच पुसलं जातं, आणि त्या वाक्याचा सगळा जीव त्या न कळण्यात आहे.

99व्या प्रकरणात मेल्व्हिलने हीच गोष्ट आणखी उघड करून दाखवली आहे. कथा घडते त्या देवमासे मारणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवर इक्वेडोरचं सोन्याचं नाणं ठोकलंय. त्यावर तीन शिखरं: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. कप्तान अहाबला तिन्हींत स्वतःच दिसतो. त्याच्या हाताखालच्या तीन अधिकाऱ्यांपैकी श्रद्धाळू स्टारबकला त्रैक्य दिसतं, म्हणजे ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. स्टब त्यावरच्या राशींमध्ये माणसाचा जन्मभराचा प्रवास वाचतो. फ्लास्कला दिसतात सोळा डॉलर, म्हणजे दोन सेंटला एक या भावाने 960 सिगार (हिशेबाने 800 व्हायला हवेत, पण पुस्तकात आकडा हाच आहे). यातलं कुणाचं बरोबर, हे मेल्व्हिल सांगत नाही.

अख्ख्या जहाजावर देवमाशाचा एकच अर्थ पक्का करून बसलेला माणूस म्हणजे अहाब. आपला पाय तोडणाऱ्या या जनावरात त्याला जगातला सगळा दुष्टपणा एकवटलेला दिसतो. 36व्या प्रकरणात स्टारबक त्याला तोंडावर सांगतो की हा मुका प्राणी आहे, त्याने उपजत प्रेरणेने वार केला, त्याच्यावर सूड उगवणं ही ईश्वरनिंदा आहे. अहाब ऐकत नाही. 'देवमासा म्हणजे अमुकच' म्हणणारा वाचक नकळत अहाबच्या बाजूला जाऊन बसतो.

नावांवरूनही असाच गोंधळ होतो. बायबलमधला अहाब दुष्ट राजा, म्हणून हा कप्तानही दुष्ट, असं सर्रास म्हटलं जातं. पण 16व्या प्रकरणात इश्माएल त्या राजाचा विषय काढतो तेव्हा जहाजाचा एक मालक पेलेग त्याला लगेच अडवतो: हे नाव त्याने स्वतः ठेवलेलं नाही, त्याच्या वेडसर विधवा आईची ती लहर. या नावाची सावली कप्तानावर पडते हे खरंच, पण तेवढ्यावर त्याचा न्याय करता येत नाही.

मेल्व्हिलचा कल तर स्पष्टच आहे. 45व्या प्रकरणात त्याला धास्ती वाटते की लोक मोबी डिकला किळसवाणी, असह्य रूपककथा समजतील. मात्र जानेवारी 1852मध्ये लेखक नथॅनिएल हॉथॉर्नची पत्नी सोफिया हिला लिहिलेल्या पत्रात तोच कबूल करतो की पुस्तकाचा रूपकात्मक अर्थ लावता येईल अशी अंधूक कल्पना लिहिताना होती, आणि काही भाग तर तसेच होते. हे पत्र दडवून ठेवण्यात अर्थ नाही. ते भाग सापडतातही. आठव्या प्रकरणात धर्मोपदेशक मॅपल दोरीची शिडी चढून व्यासपीठावर जातो आणि शिडी वर ओढून घेतो. याचा अर्थ संसारापासून अलिप्त होणं, असं इश्माएल स्वतःच सांगतो. जग म्हणजे जहाज आणि व्यासपीठ म्हणजे त्या जहाजाचं पुढचं टोक, हेही तोच सांगतो. नवव्या प्रकरणात मॅपल बायबलमधल्या, मोठ्या माशाने गिळलेल्या योनाच्या गोष्टीतून पाप आणि पश्चात्तापाचे धडे काढून दाखवतो. तिथे खुशाल रूपक म्हणून वाचा. देवमाशाची अशी किल्ली मात्र इश्माएल कुठेच देत नाही. 42व्या प्रकरणात तो फक्त त्याच्या पांढऱ्या रंगाचा शोध घेतो. पुरोहितांच्या वस्त्रांपासून ध्रुवीय अस्वलापर्यंत सगळं चाचपतो आणि तरी एका अर्थावर थांबत नाही.